झिजली तीच वाजली

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं तर रेकॉर्डींचा ढीग शाबूत सापडतो. दहा वाजले की संग्राहक मंडळी चाळून जातात आणि मागे गाळ उरतो. मी गेले तेव्हा दहा वाजून गेले होते, तरी दोन हाती लागल्या. एक मोठी, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाची, भावगीतांची. पाकीट धड, त्यावर शाईने कुणाचं तरी नाव आणि खाली 'वाढदिवसानिमित्त'. तबकडी इतकी काळीभोर आणि चकचकीत की चार-पाच वेळांपेक्षा जास्त वाजली नसावी. दुसरी लाखेची, अठ्ठ्याहत्तरची, लावणीची. पाकीट नाही, कडेचा टवका उडालेला, खाचा झिजून करड्या पडलेल्या. पहिलीचे विक्रेत्याने चारशे सांगितले, तीनशेला दिली. दुसरीचं विचारलं तर म्हणाला, "ती काय वाजणार नाय ताई, तशीच घेऊन जा."

ती वाजणार नाही, कारण ती फार वाजली आहे. गोष्ट इतकी साधी आहे, पण साठच्या दशकातल्या गाण्यांबद्दल आपण जे बोलतो-लिहितो ते बरोबर याच्या उलटं धरून चाललेलं असतं.

पुण्यात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या नाट्यगृहात तो 'सुवर्णकाळ' अवतरतो. निवेदक आधी एक उसासा टाकतात, मग गाणं सुरू होतं. कार्यक्रम वाईट नसतात. गाणारी मुलं तयारीची असतात आणि मी स्वतः तिकीट काढून जाते. माझं भांडण यादीशी आहे. श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर. पाडगावकर, शांताबाई शेळके, आरती प्रभू. अरुण दाते, आशाबाई. मध्यंतरानंतर मदनमोहन आणि शंकर-जयकिशन. एखादा धीट निवेदक बीटल्सचंही नाव घेतो, 'तिकडेही तेव्हा असंच काहीतरी चाललं होतं' अशा सुरात. या नावांचा मोठेपणा वादापलीकडचा आहे. पण यादीच्या डोक्यावर 'लोकप्रिय संगीताचे टप्पे' असं लिहिलं की प्रश्न येतो: कुठल्या लोकांना प्रिय?

'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि आपल्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! म्हणजे पुण्यात साठचं दशक उजाडलं ते वसंत पवारांच्या ढोलकीच्या चालींवर. पुढे १९६४ मध्ये 'सवाल माझा ऐका', १९६५ मध्ये 'मल्हारी मार्तंड', आणि या सगळ्यावर सुलोचना चव्हाणांचा तो धारदार आवाज. सुवर्णकाळाच्या कार्यक्रमात यातलं एखादंच गाणं येतं, तेही शेवटून दुसरं, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरावा म्हणून. लोणचं जसं ताटाच्या डाव्या बाजूला, तशी लावणी. भीमगीतं आणि कव्वाल्या तर ताटातच नसतात.

याला नुसती पेठी सोवळेपणाची खोड म्हणून सोडून देता आलं असतं. ती आहेच. पण मला त्यापेक्षा वेगळं कारण दिसतं, आणि ते मला माझ्या मामांमुळे कळलं.

मामा नाना पेठेत लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. धंदा पानशेतच्या पुराच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६० मध्ये सुरू केला, असं सांगायचे. सामान म्हणजे एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, रेकॉर्डीचं मशीन, गाडीची बॅटरी आणि पत्र्याच्या दोन पेट्या भरून अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी. लग्न, बारसं, सत्यनारायण, गणपती, निवडणूक. कर्णा पिंपळाला बांधायचा आणि सकाळी आरत्यांनी सुरुवात करायची. रात्री आठनंतर मात्र पेटीतली खरी रेकॉर्ड बाहेर निघायची. लोखंडी सुईचा नियम असा की एका सुईला एक बाजू. दोनशे सुयांची डबी मिळायची. पण वरात दारात आलेली, पोरं 'पुन्हा लावा, पुन्हा लावा' करताहेत, तिथे सुई कोण बदलतो? तीच सुई पंधरा-वीस बाजूंवरून फिरायची आणि खाच खरवडून काढायची. "गाणं चाललं की रेकॉर्ड गेली," हे मामा तक्रारीच्या सुरात नाही, धंद्याचा हिशेब म्हणून सांगायचे. चाललेल्या गाण्याच्या ते वर्षाला तीन-तीन प्रती आणत. न चाललेल्याची एकच प्रत पेटीच्या तळाशी पडून राही.

मामा गेल्यावर आम्ही त्या पेट्या उघडल्या. आत होत्या त्या सगळ्या चांगल्या, कोऱ्या रेकॉर्डी. एखाद्या अभ्यासकाने ती पेटी पाहून नाना पेठेची तेव्हाची आवड ठरवली असती, तर त्याच्या हाती नेमकी नावडत्या गाण्यांची यादी लागली असती.

साठच्या दशकाचं आपण एकूण हेच केलं आहे. दिवाणखान्यात जपून वाजवलेली मोठी रेकॉर्ड टिकली, म्हणून ती पुढे कॅसेटवर गेली, तिथून सीडीवर, तिथून फोनवर, आणि आता तीच त्या काळाची आठवण झाली. कर्ण्यावर फाटेपर्यंत वाजली ती भंगारात गेली. टिकणं आणि गाजणं या दोन गोष्टी आपण एक समजून बसलो.

पाश्चात्त्य याद्या जशाच्या तशा उचलण्यातही हीच गफलत आहे. १९६७ च्या जूनमध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि गाणं हे एकक मागे पडून अख्खी रेकॉर्ड हे एकक झालं, असं तिकडे मानतात. त्यांच्यापुरतं ते खरं आहे. आपल्याकडे काय होतं? त्याच बीटल्सची सुरुवातीची गाणी भारतात लाखेच्या अठ्ठ्याहत्तरवर निघाली, एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात. इंग्लंडात त्या वेगाच्या रेकॉर्डी तोवर इतिहासजमा झाल्या होत्या. त्या भारतीय तबकड्या आता जगभरचे शौकीन शोधत फिरतात. गावोगाव वीज नव्हती, चावीचा फोनो होता, आणि चावीच्या फोनोवर अठ्ठ्याहत्तरच चाले, हे त्यामागचं रोकडं कारण. म्हणजे जिथे गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत संपवावंच लागे, एका बाजूला एक, अशा देशात 'अख्खी रेकॉर्ड हीच कलाकृती' हा टप्पा लागू कसा करायचा? फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये. आमच्या आळीत ती पोचायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. पण पोचली तेव्हा तिने प्रल्हाद शिंद्यांचा आवाज रिक्षा-रिक्षांत नेला. मग १९६३ चा हा मैलाचा दगड आपण कुठल्या सालात रोवायचा?

तिकडच्या याद्यांत आपली माणसंही आहेत, पण ती कशी टिकली ते बघण्यासारखं आहे. बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'च्या पाकिटावर तबलजीचं नाव छापलेलं आहे: अनिल भागवत. छापलं म्हणून राहिलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज हॅरिसनच्या हिंदुस्थानी धाटणीच्या गाण्यात दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी आणि अमृत गज्जर होते. पाकिटावर त्यांचा पत्ता नव्हता आणि जगाला ती नावं कळायला काही दशकं जावी लागली. (पुणेकराला अण्णा जोशी म्हटलं की खासदार आठवतील. ते हे नव्हेत.) निदान तिकडे कुणीतरी कागदपत्रं धुंडाळली. माझ्या त्या करड्या लावणीवर ढोलकी कुणाची आहे? लेबलवर गायिका, गीतकार, संगीतकार, चित्रपट एवढंच छापायची रीत होती. जिच्यावर लोकांनी फेटे उडवले ती ढोलकी निनावी आहे, आणि ती धुंडाळायला कागदही कुठे नाहीत.

रेडिओची गोष्ट याहून अवघड, कारण रेकॉर्ड निदान झिजते. रेडिओवर वाजलेलं हवेत विरतं. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. आडनावाने आपलेच, शास्त्रीय संगीताचे कैवारी, आणि सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करणारे. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी सरकारलाच १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणि विविध भारतीवर १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहिराती सुरू झाल्या तेव्हा प्रयोगासाठी निवडलेली शहरं होती मुंबई, नागपूर आणि पुणे. सरकारी रेडिओवर सिनेमाच्या दोन गाण्यांमध्ये साबण-तेलाची हाक आली, ती देशात सर्वांत आधी ऐकणाऱ्यांत आपण होतो. लोकप्रिय संगीताला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तो हा क्षण, पण कुठल्या सुवर्णकाळात मी त्याचा उल्लेख ऐकलेला नाही. फिलिप्सने रेडिओचा दुसरा भारतीय कारखाना काढला तो १९५९ मध्ये, पुण्याजवळ. १९६५ मध्ये त्यांचा भारतात बनलेला दहा लाखावा रेडिओ बाहेर पडला. पोस्टातून परवाना काढून आणि त्याचं पुस्तक जपून ठेवून घरोघर जे सेट वाजत होते, त्यांतले कितीतरी इथल्या बायाबापड्यांच्या हातांनी जोडलेले. गाणं रचण्यात मुंबई-कोल्हापूर पुढे होती हे मान्य. गाणं घराघरात नेऊन पोचवण्यात पुण्याचा हात मोठा होता, आणि त्याची आठवण आपण स्वतःच ठेवली नाही.

अगदी अभिमानाने सांगतो त्या गीतरामायणाचंही तेच. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गीत, अधिक महिना आल्यामुळे बावन्नची झालेली छप्पन्न. साठच्या दशकातलं मराठी भावगीत ज्या अंगणात वाढलं ते हे अंगण. पण आज गीतरामायण म्हटल्यावर कानात काय वाजतं? बाबूजींचा एकट्याचा आवाज, पुढे निघालेल्या रेकॉर्डींच्या संचामुळे. रेडिओवरचं मूळ गीतरामायण अनेक गळ्यांचं होतं: माणिक वर्मा, राम फाटक, वसंतराव देशपांडे, ललिताबाई फडके आणि आणखी कितीतरी. बाबूजींचं गायन अपूर्व आहे, त्याबद्दल एक अक्षर मी बोलणार नाही. पण लोकांनी दर आठवड्याला रेडिओभोवती बसून जे ऐकलं ते नाटक होतं, प्रत्येक पात्राला आपला कंठ असलेलं. नंतर जी रेकॉर्ड घरात राहिली तिने ते एका माणसाचं कीर्तन केलं. रेकॉर्डने रेडिओ पुसला. इतक्या लाडक्या कृतीचं हे होऊ शकतं, तर लावणीची काय कथा.

माझं म्हणणं आता सरळ सांगते. पुण्याला सार्वजनिक ध्वनिसंग्रह हवा. प्रदर्शनाचं काचघर नको. जिथे फुटकी, झिजलेली, एकाच गाण्याच्या दहा प्रतींतली दहावी रेकॉर्डसुद्धा घेतली जाईल, नोंदली जाईल आणि मागितली तर बसून ऐकता येईल, अशी जागा हवी.

पुस्तकांचं आपण हे केव्हाच केलं. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात आली. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवर असं बंधन कधीच नव्हतं. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय निघालं, आणि तेही इथेच, आपल्या पुण्यात. प. कृ. नायर यांनी डबे गोळा करण्यात आयुष्य घातलं. तिथे सिनेसंगीताच्या काही तबकड्या आणि गाण्यांच्या चोपड्याही आहेत, पण सिनेमाच्या शेपटाला धरून आलेल्या. बिगरफिल्मी गाणं, शाहिरी, कोळीगीतं, भीमगीतं, मेळ्यांची पदं यांचं कोण? सिनेमाला घर मिळालं आणि त्याच वर्षांतलं गाणं रस्त्यावर राहिलं.

मला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं: 'सगळं यूट्यूबवर आहे की.' आहे, पण कुणीतरी चुकीच्या वेगाने वाजवून अर्धा स्वर चढवलेलं, भलतं साल चिकटवलेलं, मागाहून प्रतिध्वनी घातलेलं, आणि कुठल्या रेकॉर्डवरून घेतलं याचा पत्ता नसलेलं. उद्या चढवणाऱ्याने काढून टाकलं तर तेही नाही.

दुसरं उत्तर संग्राहकांचं, आणि त्यांच्याबद्दल मला खरा आदर आहे. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड-संग्राहकांची सोसायटी आहे; सरकारने करायचं बरंच काम या मंडळींनी पदरमोड करून केलं. पण संग्राहक कोरी प्रत शोधतो. तो त्याचा धर्मच आहे. सकाळी सहाला जुन्या बाजारात येऊन तो चकचकीत तेवढं नेतो, आणि माझी करडी लावणी दहा वाजता गाळात उरते. शिवाय संग्राहक माणूस आहे, तो जातो. पेठेतला एक वाडा पडतो तेव्हा त्या माळ्यावरच्या रेकॉर्डी कुठे जातात ते मला कुणी सांगायला नको.

तिसरं उत्तर कायद्याचं, आणि ते सगळ्यांत पोकळ आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा. १९६४ च्या रेकॉर्डवरचा २०२४ बरोबर संपतो, १९६५ च्या रेकॉर्डवरचा २०२५ बरोबर. साठचं दशक वर्षावर्षाने मोकळं होतं आहे. शब्द आणि चाल यांचा हिशेब निराळा: रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत; बाबूजी २००२ मध्ये, म्हणजे त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. तेव्हा सगळं उचलून जगाला वाटता येणार नाही हे खरं. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करता येते. अट एकच, मूळ वस्तू ग्रंथालयाजवळ हवी. म्हणजे आधी वस्तू गोळा करणारं घर लागतं, आणि अडलंय ते तिथेच.

चौथा आक्षेप मात्र माझ्याही पोटात आहे. सरकारी संग्रह म्हणजे कुलूप, कुबट वास आणि 'साहेब रजेवर आहेत'. त्यात जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामात याच चित्रपट-संग्रहालयाच्या नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म जळाल्या, ते पुणे विसरलेलं नाही. पण जळल्या त्या काय होत्या हे आपल्याला सांगता तरी आलं, कारण त्यांची यादी होती. मामांच्या घरी झिजून फेकलेल्या रेकॉर्डींची यादी कुणाकडे आहे?

जागेचा प्रश्न तर मी मानतच नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, म्हणजे त्याच दशकाचं अपत्य. त्याच्या पुनर्विकासाच्या गोष्टी अधूनमधून उठतात आणि बसतात. पुढच्या वेळी उठतील तेव्हा वाहनतळाच्या मजल्यांची चर्चा करताना एका कोरड्या, थंड खोलीचीही करावी. आणि संग्रहात तबकडीबरोबर पाकीटही घ्यावं, त्यावरचा दुकानदाराचा शिक्का घ्यावा, शाईतलं नाव घ्यावं. गाणं कुठे विकलं गेलं आणि कुणी नेलं हे त्या शिक्क्यावरूनच कळतं. लाउडस्पीकरवाल्यांच्या घरी भाड्याच्या वह्या असतील तर त्या आधी घ्याव्यात. माझ्या मते त्या गाण्यांच्या वहीइतक्याच मोलाच्या.

राहिली माझी ती लावणी. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने एक तंत्र काढलं आहे. त्यात रेकॉर्डवर सुई टेकवतच नाहीत. खाचांची अतिसूक्ष्म छायाचित्रं काढतात आणि त्यावरून संगणक आवाज उभा करतो. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस, ते वापरतं. तडा गेलेल्या, झिजलेल्या तबकड्यासुद्धा त्यातून काही ना काही बोलतात. हे वाचून मला इतका आनंद झाला की पुढच्या बुधवारी मुद्दाम वाट वाकडी करून मी त्या विक्रेत्याला सांगायला गेले. म्हटलं, परवा तुम्ही म्हणालात ना वाजणार नाही, तर अजून वाजू शकते. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असं होय," तो म्हणाला. "मग फुकट का नेलीत?"